पेन्सिलचोराचं त्रैराशिक

श्रीयुत कानिफनाथ भिमाजी सातपुते यांच्याविषयीची पुढील माहिती खुद्द त्यांनीच पुरवलेली आहे, त्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याचं कारण नाही. उंची बेताची, पण विचारात पडले की उंच दिसत. नजर घारीची, डावा डोळा किंचित कमी घारीचा. बुद्धी इतकी धारदार, की वापरताना त्यांना स्वतःलाच जपावं लागे. भिंगारपासून नगरच्या वेशीपर्यंत त्यांच्या तोडीचा दुसरा गुप्त तपासनीस नव्हता. हे शेवटचं विधान मात्र अक्षरशः खरं होतं, कारण एवढ्या टापूत दुसरा गुप्त तपासनीसच नव्हता.

इतका आदर एका परिच्छेदाला पुरे. पुढे आपण त्याला नुसतं कानिफनाथ म्हणू. गावही तेच म्हणत असे.

कानिफनाथाच्या दारावर 'गुप्त तपासनीस' अशी पाटी होती. ती छावणीच्या रस्त्यावरूनही वाचता यावी इतकी मोठी होती, आणि तिथेच गुप्तपणाचा बोजवारा उडाला होता हे त्याच्या लक्षात यायला वर्ष लागलं. तरी एक गाजलेलं प्रकरण त्याच्या नावावर होतं. बनुबाईची म्हैस हरवली, तेव्हा त्याने चिखलातल्या खुरांच्या ठशांवर कणीक थापून साचे घेतले आणि पुराव्यादाखल ओट्यावर मांडून ठेवले. संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी आली आणि तिने ते साचे खाऊन टाकले. अशा रीतीने म्हैस सापडली. पुरावा गेला, पण शोध लागला, असं तो अजूनही म्हणत असे.

पोटासाठी तो गणित शिकवी. तेव्हा लढाई ऐन भरात होती आणि छावणीच्या गुदामांत माल मावत नव्हता. पेट्या उचलणारे हमाल पुष्कळ होते, पण आलं किती, गेलं किती हे कागदावर मांडणारे मुनशी कमी पडत होते. तेव्हा असं ठरलं, की जो हमाल त्रैराशिकापर्यंतचं गणित लेखी सोडवून दाखवील त्याला मुनशी करायचं. मुनशी म्हणजे सावलीतली खुर्ची. शिवाय पाठीवर काही नाही. परीक्षेला कुणाला बसवायचं, ती नावं पाठवायचं काम पेन्शनर सुभेदार आबासाहेबांकडे आलं, आणि आबासाहेबांनी कानिफनाथाच्या पडवीत गणिताचा वर्ग उघडून दिला. गुदाम सुटलं की उन्हं उतरायच्या आत वर्ग भरे.

विद्यार्थी सगळे मिशावाले. पावकी, निमकी, दिडकीचे पाढे त्यांना तोंडपाठ, कारण बाजारात उभं राहायचं तर ते यावेच लागतात. घोडं अडे ते पाटीवर. चांदभाई म्हणून एक वयस्क हमाल होता, घरात सात लेकरं. तो उत्तर झटक्यात सांगे आणि मग रीत लिहा म्हटलं की अपमान झाल्यासारखा बघे. साहेबाचा आपल्यावर विश्वास नाही का, असं त्याचं म्हणणं. कानिफनाथाने एकदा विहिरीचं गणित घातलं : चार गडी एक विहीर वीस दिवसांत खणतात, तर दहा गडी किती दिवसांत खणतील? छगन नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं, पाणी कितीवर लागलं? मास्तर म्हणाला, पाण्याचा इथे संबंध नाही. यावर सगळा वर्ग गंभीर झाला. नगर जिल्ह्यात राहून विहिरीशी पाण्याचा संबंध नाही म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्या दिवशी खडक लागला तर काय करायचं यावर चर्चा झाली आणि उत्तर राहून गेलं.

तेव्हा लिहिण्याचा सराव हवा होता, आणि लिहायला हवी होती पेन्सिल. लढाईमुळे कागद दिसेनासा झालेला, म्हणून बाप्ये पाट्या घेऊन बसत. पाटीवरच्या पेन्सिलीही नगरच्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या. आबासाहेबांनी कुठून तरी ओळख लावून एक पेटी आणवली आणि बजावलं, की ही शेवटची. ही संपली की वर्ग बंद. ती पेटी कानिफनाथाने पडवीतल्या कोनाड्यात बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

आणि पेन्सिली जाऊ लागल्या.

सामान्य माणसाने डोक्याला हात लावला असता. कानिफनाथाने दोन्ही हात एकमेकांवर चोळले. बीजगणितात क्ष काढायचा आणि गावात चोर काढायचा, रीत एकच, असं तो वर्गाला म्हणाला. फक्त क्ष पळून जात नाही, असं छगन म्हणाला. त्याला खाली बसवण्यात आलं.

पहिला संशय जर्मनीवर गेला. भिंगारच्या गुदामाला हिशेबी माणसं मिळू नयेत यात जर्मनीचा फायदा उघड होता. तीन दिवस कानिफनाथ वर्तमानपत्राला भोक पाडून ओट्यावर बसला आणि त्याला एक इसम सापडलाही : रोज ठरल्या वेळी येणारा, खाकी कपड्यांतला, घरांकडे बारकाईने बघणारा. चौथ्या दिवशी कानिफनाथाने त्याचा हात धरला. तो टपालवाला होता. त्याच्याकडे कानिफनाथाचंच एक पत्र होतं आणि घरमालक कायम पेपरमागे तोंड लपवून बसतो म्हणून तीन दिवस ते त्याने दिलं नव्हतं.

दुसरा संशय उंदरावर. कानिफनाथाने सापळा लावला आणि आमिष म्हणून त्यात पेन्सिलच अडकवली. सकाळी पेन्सिल गेलेली, सापळा तसाच उघडा. एवढंच नव्हे, तर पुसून भिंतीशी नीट ठेवलेला. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की उंदीर शिकवलेला असून स्वभावाने स्वच्छ आहे. हा निष्कर्ष त्याने बायकोला सांगितला. विजयमाला तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसली असावी अशी त्याला पुसट शंका आली, पण घरच्या माणसांवर संशय घ्यायचा नाही हा त्याचा नियम होता.

मग त्याने डब्याऐवजी कुलुपाची पेटी केली आणि किल्ली विजयमालेच्या हवाली केली. या घरात संशयापलीकडची माणसं दोनच, असं तो तिला म्हणाला. एक मी, आणि माझा तपासात इतका वेळ जातो की किल्ली तूच ठेव. तरी पेन्सिली गेल्या. कुलूप शाबूत, किल्ली विजयमालेच्या कमरेला, आणि पेन्सिली नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं, म्हणून कानिफनाथाने कुलूप बदललं. नवी किल्लीही तिच्याकडेच दिली.

विजयमालेचं त्या दिवसांत काही तरी बिनसलेलं होतं, हे त्याच्या घारीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. फोडणी घातली की ती बाहेर येऊन उभी राही. जेवणावरून तिचं मन उडालेलं. दुपारची कधी न झोपणारी बाई भिंतीला टेकल्या टेकल्या झोपे, आणि शेजारून कच्ची बोरं मागून आणी. कानिफनाथाने या सगळ्याचा मेळ घातला आणि त्याला वाईट वाटलं. तपासाचा ताण किती पडतो माणसावर, आणि ही बिचारी बोलून दाखवत नाही, असं त्याच्या मनात आलं.

परीक्षा सोमवारी. आधीच्या शुक्रवारी पेटीत बोटावर मोजण्याइतक्या पेन्सिली राहिल्या आणि आबासाहेब स्वतः काठी टेकत वर्गात येऊन बसले. आज चोर सांगा, नाही तर मी कुणाचंच नाव पाठवत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एका पेटीपायी सगळ्यांची खुर्ची चालली होती.

कानिफनाथाने त्रैराशिक मांडलं. एका माणसाला एक पेन्सिल एक आठवडा पुरते, तर गेलेल्या पेन्सिली एका माणसाला किती पुरतील? उत्तर असं आलं, की चोराला म्हातारपणापर्यंत लिहीत बसावं लागेल. इतकं गणित करणारा माणूस भिंगारमध्ये नव्हता. पण त्यातल्या त्यात झरझर लिहिणारा एक होता, नबीलाल. गणितात तो सगळ्यांच्या पुढे. पेट्या उचलून उचलून ऐन तिशीत त्याची पाठ धरली होती. सकाळी उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागे. त्याच्या आईच्या जिवाला तोच घोर होता. मुनशीगिरी मिळाली तर पाठ वाचणार होती, नाही तर तीच पाठ घेऊन त्याला पेट्यांखाली जायचं होतं.

कानिफनाथाने सगळ्यांना हात पुढे करायला लावले. पेन्सिलचोराच्या बोटांना पांढरं लागलेलं असणारच. वर्गाने हात पुढे केले, आणि सगळ्यांच्याच बोटांना पांढरं होतं, कारण सगळेच तंबाखूला चुना लावत. आबासाहेबांनी आपला हात हळूच मागे घेतला. पांढरं नव्हतं ते एकट्या नबीलालच्या हाताला.

इथे दुसरा कुणी गडबडला असता. कानिफनाथ उलट उंच दिसू लागला. सगळ्यांचे हात पांढरे असताना एकाचेच स्वच्छ का? त्याने धुतले म्हणून. धुतले कशासाठी? पुरावा नाहीसा करायला. ज्याचे हात स्वच्छ, तोच चोर. हे सांगताना त्याला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की नबीलालच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं.

"मास्तर," नबीलाल म्हणाला, "मी तंबाखू खात न्हाई. बाकी काय न्हाई."

आबासाहेबांनी त्याचं नाव कमी केलं. नबीलालने पाटी पुसली, आपल्या जागेवर पालथी ठेवली आणि पाठीला हात लावून उठून गेला. विजयमाला तेव्हा ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. ती आल्यावर कानिफनाथाने तिला एवढंच सांगितलं, की चोर सापडला. ती दचकली. कोण, असं तिने विचारलं. ते गुप्त आहे, तो म्हणाला. ती धुणं वाळत घालायला गेली. आणि ती इतकी का घाबरली याचा विचार करण्याइतका त्याला वेळ नव्हता.

शनिवारी दुपारी मुबारकबी आली, नबीलालची आई. बांगड्या भरायचा तिचा धंदा होता. भिंगारमध्ये असं घर नव्हतं, जिथल्या बायकांचे हात तिने हातात घेतले नव्हते. कानिफनाथ त्या वेळी पडवीत पालथा पडून कोनाड्याखालची जमीन हुंगत होता. चोर सापडला असला तरी एक बारकी अडचण उरली होती : कालपासून नबीलाल फिरकलाही नव्हता आणि रात्रीतून आणखी एक पेन्सिल गेली होती.

"मास्तर," मुबारकबी म्हणाली, "माझ्या पोरानं पेन्सिली घेऊन करायचं काय? भाकरीसंगं खायच्या?"

त्याने तिला तर्कशास्त्र समजावून सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, मग बांगड्यांचं गाठोडं उचललं आणि आत विजयमालेकडे गेली. आतून आधी बांगड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला. मग हलक्या आवाजात बोलणं, मग मुबारकबीचं हसणं, आणि मग कुणाचं तरी रडणं. कानिफनाथ हुंगायचा थांबला आणि उठून उभा राहिला.

मुबारकबी बाहेर आली. तिचे डोळे ओले होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मास्तर, चोर घावला तुमचा. पर धरनार कसा? त्यो अजून जल्माला यायचा हाय."

कानिफनाथाने यावर विचार केला. टोपणनावाने वावरणारा इसम आहे का, असं त्याने विचारलं. मुबारकबीने कपाळाला हात लावला.

"तुमीच गनित शिकवता न्हवं पोरांना?" ती म्हणाली. "बाईचा हात हातात घेतला न् मनात हुतं त्याची खातरी झाली. सुजलाय जरा. वठाच्या कडंला पांढरं लागलं हुतं, ते म्या म्हनलं काय गं हे, तर रडाया लागली. डोहाळं हायेत मास्तर. कुनाला माती खावीशी वाटती, कुनाला राख. हिला पेन्सिली."

मागोमाग विजयमाला दारात येऊन उभी राहिली. कानिफनाथ उभ्या उभ्या खाली बसला. खाली भिंतीशी ठेवलेला सापळा होता, आणि इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा मिटला. पण ते त्याला मागाहून कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, एकदा येऊन हुकलं होतं, आणि त्यानंतर दोघांनी तो विषयच काढलेला नव्हता. त्याला इतका आनंद झाला, की तो धड हसूही शकेना.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"मागच्या खेपेला तुम्ही दुसऱ्याच महिन्यात अख्ख्या भिंगारला पेढे वाटून आलात," ती म्हणाली. "मग नको ते झालं, आणि एकेका दाराला मला उत्तर द्यावं लागलं. या वेळी पाचवा सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं मी. पेन्सिलीचं वाईट वाटत होतं हो, पण राहवतच नव्हतं. आणि तुम्ही नबीलालचं नाव घेतलंत, ते तरी मला सांगायचंत."

मुबारकबीने तिला गप्प केलं. कळायचं काय राहिलंय, ती म्हणाली. आळीतल्या सगळ्या बायकांनी केव्हाच ओळखलं होतं, फक्त दृष्ट लागू नये म्हणून कुणी तोंडातून काढत नव्हतं. थोडक्यात, भिंगारमध्ये ही गोष्ट न कळलेला एकच माणूस होता, आणि तपास त्याच्याकडे होता.

विजयमालेने पदर खोचला. मी आत्ता जाऊन आबासाहेबांना सांगते, ती म्हणाली. मुबारकबीने तिचा हात धरला. "तू गप ऱ्हा बाय. कुनापाशी तोंडानं बोलायचं न्हाई अजून. माझ्या पोराची पाठ हाय, ती अल्ला बगील." असं ती म्हणाली खरी, पण गाठोडं बांधताना तिची गाठ दोनदा सुटली. कानिफनाथाने ती पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट पाहिली आणि तिचा अर्थही त्याला बरोबर लागला.

रविवारी परीक्षेआधीचा शेवटचा वर्ग होता. कानिफनाथ स्वतः जाऊन नबीलालला घेऊन आला. काय सांगून आणलं ते कुणाला कळलं नाही, बहुधा त्यालाही नीट सांगता आलं नसावं. आबासाहेब नावं लिहून घ्यायला आले होते. कानिफनाथ फळ्यासमोर उभा राहिला. आज तो मुळीच उंच दिसत नव्हता.

"नबीलालच्या हाताला काही लागलेलं नव्हतं, कारण त्याने काही केलेलं नव्हतं," तो म्हणाला. "एवढं साधं मला दिसलं नाही. पेन्सिली मी खाल्ल्या."

आबासाहेबांनी कानामागे हात धरला.

"खाल्ल्या?" आबासाहेब म्हणाले.

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"कशाबरोबर?"

याची तयारी कानिफनाथाने केलेली नव्हती. "नुसत्याच," तो म्हणाला.

आबासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि तपास तुम्हीच करत होता."

"म्हणून तर चोर सापडत नव्हता," कानिफनाथ म्हणाला.

आबासाहेबांची उभी हयात पलटणीत गेली होती आणि संसार असा झाला नव्हता. ते या माणसाकडे दया आणि राग यांच्या मधोमध कुठे तरी थांबून बघत होते. असल्या माणसाच्या हाती आपण वर्ग दिला, असं काहीसं ते पुटपुटले. पण वर्ग लेकुरवाळ्यांचा होता. चांदभाईने आधी मान खाली घातली. मग छगनने. मग ओळीने सगळ्या मिशा थरथरू लागल्या, आणि तरीही एकाच्या तोंडून हसू बाहेर पडलं नाही. जे बोलायचं नाही ते बोलायचं नाही, एवढं या वर्गाला न शिकवता येत होतं.

"मास्तर," चांदभाई अगदी सरळ तोंडाने म्हणाला, "पेन्सिल लई खाऊ नये. बादते. आमच्या घरात बी सात बार खाऊन झाल्यात. तुमी आसं करा, चिंच खावा. माझ्या घरची आज सांजच्याला आनून देईल. तुमच्यासाटीच म्हनून देईल."

"बरं," कानिफनाथ म्हणाला.

"न् जड काय उचलू नका."

"नाही उचलणार."

आबासाहेबांना यातलं काही कळलं असेल नसेल. त्यांनी चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला आणि बाकीच्या नावांखाली नबीलालचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर ते मास्तरला म्हणाले, की परीक्षा झाली की तुमचं काय करायचं ते मी बघतो. कानिफनाथाने मान डोलावली. त्याला आज कशाचंच भय वाटत नव्हतं.

नबीलाल उठला. भिंतीला हात लावून सावकाश उठला आणि फळ्यापर्यंत आला. त्याने कुडत्याच्या खिशातून वर्गात आपल्या वाट्याला आलेली पेन्सिल काढली. झिजून ती अर्धी राहिली होती. लिहिलेलं टोक त्याने बाहीला स्वच्छ पुसलं आणि ती मास्तरच्या हातावर ठेवली.

"उद्याच्याला परीक्षेत टाक न् कागद देनार हायेत," तो म्हणाला. "मला आता हिचं काम न्हाई. घरी न्या मास्तर. पर एकदम खाऊ नका, दोन दिस पुरवा."

कानिफनाथाने मूठ मिटली आणि फळ्याकडे तोंड केलं. गणित घालायचं म्हणून त्याने खडू उचलला, पण वर्गाकडे वळून उभं राहणं त्याला बराच वेळ जमलं नाही. मागे सगळे पाट्या पुसून वाट बघत बसले होते, आणि कुणालाही घाई नव्हती.